कॉम्प्रेशन कमी, पण गळती नाही: जुन्या पद्मिनीतील वाकलेला कनेक्टिंग रॉड कसा ओळखावा

इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा दाबून निर्माण करतो तो दाब, कमी असणे वेगळे आणि तो गळणे वेगळे. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या बहुतेकांना हा फरक ठाऊक असतो. तरीही चारपैकी एका सिलिंडरवर गेजचा काटा खाली राहिला की बोलणे थेट रिंग बदलण्यावर किंवा व्हॉल्व्ह घासण्यावर येते. रिंग आणि व्हॉल्व्ह हे नेहमीचे गुन्हेगार आहेत हे खरेच, पण गळती सापडत नसेल तर दोष हवा अडवून धरणाऱ्या भागांत नसून बहुधा हवा दाबणाऱ्या भागांच्या मापात असतो, म्हणजे पिस्टन आणि त्याला खालच्या फिरत्या दांड्याशी (क्रँकशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये, आणि तो शोधण्याची वाट निराळी आहे. ही वाट मी एका प्रीमियर पद्मिनीवर काम करताना शिकलो, म्हणून तीच गाडी समोर ठेवून ती क्रमाने सांगत आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून बनू लागलेल्या आणि १९७०च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेल्या या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे आहे. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड आणि पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह अशी त्याची साधी, हाताला समजणारी रचना आहे. माझ्याकडे आलेली गाडी आयडलिंगला थरथरत असे, चढावर तिला दम उरत नसे आणि खालच्या बाजूने एक मंद, बोजड ठकठक ऐकू येत असे. आधीच्या मालकांनी एकदा रिंगही बदलून घेतल्या होत्या, पण थरथर जशीच्या तशी राहिली होती. केलेल्या दुरुस्तीने तक्रार तसूभरही हलत नाही, तेव्हा निदान चुकले आहे असे समजून पहिल्यापासून सुरुवात करावी.

पाना उचलण्यापूर्वीची चौकशी

गाडीचा पूर्वेतिहास विचारण्यात घालवलेला अर्धा तास पुढचे दोन दिवस वाचवतो. गाडी कधी पाण्यात उभी राहिली होती का, पाण्यातून चालवली होती का, कधी इतकी तापली होती का की रेडिएटर उकळला, इंजिन पूर्वी कोणी उघडले होते, त्यात कोणते भाग घातले गेले, आणि बंद पडल्यावर ती धक्का मारून चालू करण्याची सवय होती का, हे प्रश्न अवश्य विचारावेत. शेवटच्या प्रश्नाकडे फार कमी लोक लक्ष देतात. या गाडीच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न कामाला आला. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, ती सोसायटीच्या आवारात बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर सेल्फने इंजिन फिरेना, म्हणून चार मुलांनी तिला उतारावर ढकलले आणि ती चालू झाली. पुढे काही महिने चालून ती झाकून ठेवली गेली.

ही हकीकत ऐकल्याबरोबर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. चौकशीतून संशय मिळतो, पुरावा मोजमापातूनच मिळतो.

कोणता सिलिंडर, आणि कितपत

इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवावे आणि रबरी मूठ असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून ती ब्लॉकला टेकवावी, म्हणजे करंट हवेत उडी मारणार नाही आणि कॉइललाही इजा होणार नाही. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचे फेरे ठळकपणे उतरतात. कमजोर सिलिंडरची काढली तर फरक थोडाच जाणवतो. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची वायर काढल्यावर फेरे उतरले, पण इतरांच्या तुलनेत निम्मेच. याचा अर्थ तो सिलिंडर मेलेला नव्हता, अर्धपोटी काम करीत होता.

त्यानंतर चारही प्लग काढून ओळीने ठेवावेत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर अॅल्युमिनियमचे बारीक चकाकणारे कण चिकटलेले दिसले तर पिस्टन वितळत आहे. एखादा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट (रेडिएटरचे पाणी) आत येत आहे. ओलसर काळा असेल तर ऑइल वर चढत आहे. तिसरा प्लग किंचित काळपट होता, इतकेच. यातून पिस्टनचे वितळणे आणि कूलंट या दोन गोष्टी जवळपास बाद झाल्या.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा; कॉइलची वायर सोडून ठेवावी. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, सहा ते आठ झटके द्यावेत आणि पहिल्या झटक्याला काटा कुठवर गेला हेही लिहून ठेवावे. रिंग गेल्या असतील तर पहिला झटका कमी भरतो आणि काटा हळूहळू चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा खालीच अडतो. माझे आकडे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत अनुक्रमे १४२, १४५, १२० आणि १४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असे आले. तिसऱ्याचा काटाही इतरांसारखाच ठाम पावलांनी चढत होता, फक्त वीस-पंचवीस पीएसआय खाली थांबत होता. प्लगच्या छिद्रातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर चारही आकडे सारख्याच प्रमाणात थोडे वाढले. रिंग दोषी असत्या तर तिसरा आकडा इतरांपेक्षा बराच जास्त उसळला असता.

गळती आहे का, हे हवा भरून पाहावे

ही चाचणी टाळली जाते, कारण तिला कंप्रेसर आणि दोन तबकड्यांचे गेज लागते. पण सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. तपासायचा सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, म्हणजे पिस्टन अगदी टॉपला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा स्थितीत आणावा. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटरचे तोंड त्या सिलिंडरच्या वायरीकडे आहे का हे पाहिले की खात्री होते. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ असा आहे. हवा सोडल्यावर पिस्टन टॉपवरून जरासा ढळलेला असेल तर क्रँक एकदम फिरतो, म्हणून हात आणि पाने पुली व पंख्यापासून दूर ठेवावेत.

हवा भरल्यावर ती कुठून निसटते ते कानाने ओळखता येते. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले किंवा शेजारच्या सिलिंडरच्या छिद्रातून हवा आली तर हेड गॅसकेट. माझ्या गाडीत चारही सिलिंडरची गळती दहा ते बारा टक्क्यांच्या दरम्यान भरली, आणि त्यात तिसरा मुळीच वेगळा नव्हता. म्हणजे तो सिलिंडर हवा धरून ठेवतो, पण दाबतो कमी. आधी रिंग बदलूनही फरक का पडला नाही, याचे उत्तर इथेच मिळाले.

कॅमशाफ्टला आधी निर्दोष ठरवावे

गळती नसताना कॉम्प्रेशन कमी येण्याचे आणखी एक कारण संभवते. इनटेकचा कॅम झिजला असेल तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि दाब आपोआप कमी येतो. व्हॉल्व्हचे झाकण काढून टॅपेट नेमके लावावेत आणि डायल गेज किंवा व्हर्नियरने प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो हे मोजावे. चारही इनटेकची उचल आपसांत जुळत असेल आणि पुशरॉड काचेवर लोळवल्यावर सरळ दिसत असतील, तर कॅमशाफ्टवरचा संशय सोडून द्यावा. इथे ती जुळली.

प्लगच्या छिद्रातून पिस्टनची उंची

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात पहिला व चौथा पिस्टन एकत्र टॉपला येतात, आणि दुसरा व तिसरा एकत्र. याचा फायदा घेऊन, हेड न उतरवता पिस्टनची तुलना करता येते. क्रँक हाताने फिरवून दुसरा आणि तिसरा टॉपला आणावेत, गोल टोकाची पितळी सळई प्रत्येक छिद्रातून पिस्टनला टेकवावी आणि हेडच्या कडेपाशी तिच्यावर खूण करावी. छिद्र तिरके असल्यास मिळणारे माप खरी खोली दाखवत नाही. पण सर्व छिद्रे सारखीच तिरकी असल्यामुळे तुलनेला ते चालते. सळई आत असताना सेल्फला कोणीही हात लावू नये. तिसरा पिस्टन दुसऱ्यापेक्षा दीड मिलिमीटरच्या आसपास खाली भरला, आणि एकाच क्रँकवरच्या, एकाच मापाच्या पिस्टनांत इतका फरक पडायला नको.

हा फरक आणि गेजवरचा आकडा एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण दोन वेगळ्या मोजण्या एकच गोष्ट सांगू लागल्या की निदानावर भरवसा ठेवता येतो. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ सीसी. हिशेबाच्या सोयीसाठी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, ८ धरला, तर पिस्टन टॉपला असताना वर उरणारी जागा ३९ सीसी होते. ६८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये पिस्टन १ मिलिमीटर खाली राहिला की ही जागा ३.६ सीसीने वाढते. पिस्टन १.६ मिलिमीटर खाली असेल तर जागा जवळजवळ ४५ सीसी होते, रेशो ७.१ च्या आसपास उतरतो आणि गेजवरचा दाब साधारण पंधरा टक्क्यांनी घसरतो. १४२ चे पंधरा टक्के वजा केले तर १२० उरतात. याच हिशेबाने, पिस्टन केवळ १ मिलिमीटर खाली असेल तर दाब दहा टक्क्यांच्या आसपासच घसरेल, आणि इतका फरक अनेक जण चालण्याजोगा म्हणून सोडून देतील. म्हणूनच वाकल्यामुळे आखूड झालेला आणि पिस्टनला वरपर्यंत न पोचवणारा रॉड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

हेड उतरवल्यावर

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बाहेरून आत अशा क्रमाने, थोडेथोडे सैल करावेत. अॅल्युमिनियमचे हेड गरम असताना सोडले तर ते वाकते. हेड निघाल्यावर काहीही पुसण्यापूर्वी फोटो काढावेत, कारण कार्बनच्या खुणा हा पुरावा आहे आणि एका फडक्याने तो नाहीसा होतो.

पहिल्यांदा बोअरची वरची कड पाहावी. सर्वात वरची रिंग जिथून मागे फिरते त्याच्या वर कार्बनचा एक पट्टा साचतो. चांगल्या सिलिंडरमध्ये तो अरुंद आणि एकसारखा असतो. रॉड आखूड झालेल्या सिलिंडरमध्ये तो उरलेल्यांपेक्षा रुंद असतो. आणि रॉड वाकण्यापूर्वी इंजिन बरेच चालले असेल तर कार्बनखाली जुनी, पूर्वी रिंगने घासून गुळगुळीत केलेली जागा दिसते. माझ्या गाडीत अशी दुहेरी रेघ इतकी स्पष्ट होती की बोटाच्या नखालाही ती लागत होती. पिस्टन पूर्वी वरपर्यंत जात होता आणि नंतर कधीतरी जायचा थांबला, हे त्या रेघेवरून कळत होते.

मग ब्लॉकच्या पृष्ठभागापासून पिस्टनची खोली डेप्थ गेजने किंवा डायलने मोजावी. पिस्टन बोअरमध्ये थोडा डोलतो, त्यामुळे माप नेहमी गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर घ्यावे, आणि तेही पिनच्या दोन्ही टोकांवर. दोन टोकांच्या मापांत फरक आला तर रॉड क्रँकच्या लांबीच्या दिशेने वाकून पिस्टन एका बाजूला कलला आहे. दोन्ही टोके सारखीच खाली असतील तर रॉड क्रँकच्या फिरण्याच्या दिशेने वाकला असण्याचा संभव आहे. या दुसऱ्या प्रकारात पिस्टन कलत नाही, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या घेरावर) तिरकी घासणही उमटत नाही, आणि म्हणून घासणीचीच वाट पाहणारा माणूस फसतो. माझ्या गाडीत तिसरा पिस्टन १.६ मिलिमीटर खाली होता आणि दोन टोकांतील फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त होता, म्हणजे वाकणे मुख्यतः फिरण्याच्या दिशेने होते.

पाणी, कूलंट की पेट्रोल

न दाबला जाणारा द्रव पिस्टनच्या वर साचला की रॉड वाकतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे पाणी त्याला पुरेसे आहे. बुडालेल्या गाडीत ज्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा असतो त्यात पाणी भरते. सेल्फ बहुधा तिथेच अडतो आणि इंजिन वाचते. मात्र गिअर टाकून ढकललेली सुमारे नऊशे किलोची गाडी अडत नाही, आणि तिचा सगळा जोर त्या एका रॉडवर येतो. या गाडीत तेच घडले असावे, असे आता मोजमापांवरून म्हणता येत होते.

तरीही द्रव कोणता होता हे निश्चित करावे, कारण तो कूलंट असेल तर नवा रॉडही पुन्हा वाकेल. पुराच्या पाण्याने एअर फिल्टरच्या डब्यात आणि इनटेकच्या वळणांत बारीक गाळाचा थर राहतो आणि बोअरवर गंजाची आडवी रेघ उमटते. कूलंट असेल तर गॅसकेटवर सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमधली जागा रंग बदललेली आढळते, आणि हेड सरळ पट्टीखाली तपासल्यावर फिलर गेज आत जाते. कार्ब्युरेटरची सुई अडकून रात्रभर पेट्रोल झिरपत असेल तर ऑइल पातळ होते, त्याला पेट्रोलचा वास येतो आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. इथे फिल्टरच्या डब्याच्या तळाशी वाळलेला राखाडी गाळ मिळाला, गॅसकेट शाबूत होते आणि हेड सरळ होते.

जोडून एक सांगतो. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारण्यापूर्वी आणि ढकलण्यापूर्वी चारही प्लग काढावेत, क्रँक हाताने दोन-तीन फेरे फिरवून छिद्रांतून पाणी उडून जाऊ द्यावे, आणि ऑइल बदलल्यावरच पुढचा विचार करावा. पाऊण तासाच्या या कामाने रॉड, बेअरिंग आणि कदाचित अख्खा ब्लॉक वाचतो.

ऑइल चेंबर उतरवणे आणि रॉड बाहेर काढणे

ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यातून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटते ते लोखंड. न चिकटणारे पांढुरके चकाकणारे कण अॅल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे, आणि तांबूस असतील तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा उघडा पडला आहे असे समजावे. चेंबर निघाल्यावर रॉड आणि त्याच्या कॅपवर सिलिंडरचा क्रमांक आहे का, आणि तो कोणत्या बाजूला आहे, हे पाहावे. नसेल तर स्वतः खूण करावी, कारण कॅप एकमेकांत बदलता येत नाहीत. रॉड आखूड झाल्यामुळे पिस्टन तळाशीही तितकाच जास्त खाली येतो, म्हणून स्कर्टची खालची कड क्रँकवरच्या तोलाच्या वजनाला घासली आहे का तेही तपासावे. खालून ऐकू येणाऱ्या ठकठकीचे कारण इथे बिग एंड बेअरिंग, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाचे बेअरिंग, निघाले: वरचा तुकडा एका कडेला आणि खालचा त्याच्या विरुद्ध कडेला झिजला होता. दोन तुकड्यांवर कर्णासारखी उमटलेली ही झीज वाकलेल्या रॉडची ओळख आहे. केवळ ऑइल कमी पडल्याने झिजलेले बेअरिंग मधोमध आणि रुंद पसरून झिजते.

बोअरची वरची कड घासून मगच पिस्टन वर ढकलावा, नाहीतर रिंगची जागा तुटते. रॉड हातात आल्यावर आणखी एक शक्यता तपासायची राहते, आणि ती मी कधीही वगळत नाही. पूर्वीच्या दुरुस्तीत एक पिस्टन वेगळ्या मापाचा बसवला असेल तरी तो खालीच दिसेल. म्हणून पिस्टनच्या माथ्यापासून गजन पिनपर्यंतचे अंतर चारही पिस्टनांवर व्हर्नियरने मोजावे. इथे चारही सारखे निघाले, आणि दोष रॉडवर निश्चित झाला.

मशीनशॉपमध्ये रॉड तपासण्याच्या जिगवर त्याचे वाकणे आणि पिळवटणे मोजून मिळते. दर १०० मिलिमीटरला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला रॉड वापरू नये, हे सर्वसाधारण मान आहे. माझ्या रॉडला मात्र जिगची गरज नव्हती. चांगल्या रॉडशेजारी टेबलावर ठेवताच त्याचा बाक डोळ्यांना दिसत होता. काही ठिकाणी असा रॉड प्रेसखाली सरळ करून देतात, पण माझ्या मते ते करू नये. एकदा वाकलेल्या आणि पुन्हा सरळ केलेल्या पोलादात सूक्ष्म तडे राहू शकतात, आणि तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

ज्यांच्याशी गल्लत होते ते बिघाड

नॉकिंगने, म्हणजे मिश्रण स्फोटासारखे पेटून, बिघडलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडा वाळूने खरवडल्यासारख्या दिसतात आणि रिंगांमधले कठडे तुटतात. ठिणगीआधीच पेट घेणाऱ्या इंजिनात माथ्याचा मध्य वितळून भोक पडते. दोन्हींत हवा गळते, त्यामुळे वरच्या चाचणीत ते लगेच वेगळे पडतात. आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलबद्दल मात्र दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५ पट. जुना कार्ब्युरेटर हा फरक स्वतः ओळखत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ पडून इंजिन गरम चालते. जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) त्यानुसार बदललेले नसतील आणि प्लग पांढरेफटक येत असतील, तर पिस्टन उघडण्यापूर्वी कार्ब्युरेटर उघडावा.

जोडणी

बदली रॉडचे वजन उरलेल्या तिघांशी दोन-तीन ग्रॅमच्या आत जुळवावे. त्या जागेचा क्रँक जर्नल (रॉड बसतो तो क्रँकचा गुळगुळीत भाग) चार दिशांनी मायक्रोमीटरने मोजावा, आणि क्रँक, ब्लॉकचा खालचा भाग व गजन पिनच्या दोन्ही बाजूंच्या जागा यांवर रंगीत द्रव फवारून तड शोधावी. ज्या झटक्याने रॉड वाकला त्याने आणखी काही तडकले असेल तर ते आताच कळणे बरे. रॉडचे बोल्ट नवे वापरावेत. हेड बसवण्यापूर्वी चारही पिस्टनांची खोली पुन्हा मोजून लिहावी.

माझ्या गाडीत जोडणीनंतर चारही खोल्या ०.०५ मिलिमीटरच्या आत जुळल्या आणि कॉम्प्रेशन १४८, १५०, १४८, १४७ असे आले. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलले तेव्हा चुंबकावर जेमतेम बोटाला लागेल इतकी काळी भुकटी होती, आणि तांबूस कण एकही नव्हता.